जबरी चोरीत सात वर्षांची शिक्षा झालीये, हायकोर्टात अपील कसं करतात? (मामेभावाची केस)

सीनाकाठ:
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे शेतीच्या आणि पाककृतींच्या धाग्यांवरच असते. आज विषय वेगळा आहे, म्हणून नवीन धागा काढतेय.

माझ्या मामाचा मुलगा, वय २९, गाव सोलापूर जिल्ह्यात. जानेवारी २०२१ मध्ये सोलापूर-पुणे हायवेवर रात्री साडेअकराच्या सुमारास एका ट्रकवाल्याला तिघांनी अडवलं, कोयता दाखवला आणि रोख २३ हजार आणि मोबाइल घेऊन गेले. फिर्याद 'अनोळखी तीन इसम' अशीच आहे. पुढे दोन पोरं धरली, त्यांनी म्हणे याचं नाव घेतलं. मोटरसायकल हा चालवत होता असा आरोप आहे. कोयता दुसऱ्याच्या हातात होता असं ट्रकवाला स्वतःच म्हणतो.

पाच महिने आत होता, मग जामीन झाला. त्यानंतर एकही तारीख चुकवली नाही. गेल्या आठवड्यात सत्र न्यायालयाने तिघांनाही कलम ३९२ (जबरी चोरी), ३९७ (जबरी चोरीत घातक हत्यार वापरणं) सह ३४ (सगळ्यांचा समान इरादा) खाली सात वर्षं सक्तमजुरी आणि पाच हजार दंड ठोठावला. कोर्टातूनच आत घेतलं. मामा गेल्यापासून मामी एकटीच आहे, ती वेड्यासारखी झालीये.

विचारायचंय ते असं. मुदत किती? कोण ३० दिवस म्हणतं, कोण ६०, कोण ९०. अपील कोल्हापूरला की मुंबईला? तोपर्यंत तो बाहेर येऊ शकतो का? वकील तोच ठेवावा की बदलावा?

त्याने केलं की नाही, मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. तो नाही म्हणतो.

कडबाकुट्टी:
ताई, वाईट वाटलं वाचून. यातलं काही कळत नाही, धागा वर राहावा म्हणून लिहितोय. आपले वकील, काळा डगला साहेब, दिसले तर उत्तर देतीलच.

नक्कलखाना:
कोर्टात शिरस्तेदार म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त. कायदा वकीलसाहेब सांगतील, मी कागदांचं सांगतो.

निकालाची एक प्रत आरोपीला फुकट आणि ताबडतोब मिळाली पाहिजे. बहुतेक मिळालीच असेल. घरी कोणाच्या तरी पिशवीत असेल, आधी ती शोधा. पण निकालावर थांबू नका. नकलेचा अर्ज करा आणि त्यात सगळे जबाब, सरतपासणी-उलटतपासणीसकट, मागा. शिवाय फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, ओळख परेडचा (इतर लोकांत उभ्या केलेल्या आरोपीला साक्षीदाराने ओळखण्याचा) पंचनामा, निवेदन पंचनामा ('वस्तू काढून देतो' असं आरोपीने सांगितल्याचा), जप्ती पंचनामा, आरोपीचा ३१३ चा जबाब (पुराव्याबद्दल कोर्टाने विचारलेल्या प्रश्नांना त्याची उत्तरं) आणि दोषारोप. प्रत्येकाचा निशाणी क्रमांक निकालात दिलेला असतो, तो अर्जात लिहा. 'सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहिलं की अर्ज टेबलावर फिरत राहतो.

अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेच्या मागच्या शिक्क्यावर असते. तेवढे दिवस मुदतीतून वजा होतात. तो शिक्का पुसट उमटला असेल तर लगेच परत मारून घ्या. नंतर कोणी मारून देत नाही.

काळा डगला:
सीनाकाठ, क्रमाने घेतो.

मुदत: सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात ६० दिवस. ३० दिवस म्हणणाऱ्याचंही पूर्ण चूक नाही. नुसतं ३९२ असेल तर केस मॅजिस्ट्रेटपुढेही चालते. तिथे शिक्षा झाली की अपील सत्र न्यायालयात आणि मुदत ३० दिवस. ९० कुठून आलं कल्पना नाही. उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो, आणि माणूस तुरुंगात असेल तर कोर्ट सहसा ताणत नाही. पण त्या भरवशावर बसू नका.

कुठे: १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे. म्हणजे तुमचं कोल्हापूर. मुंबईची वारी वाचली.

कलम: घटना २०२१ ची, त्यामुळे गुन्ह्याला जुना भादंविच (भारतीय दंड विधान) लागू राहतो, नवी न्याय संहिता नाही. अपिलासाठी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४१५, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३७४. मी दोन्ही आकडे लिहितो. आकडा चुकला म्हणून कोणी अपील फेकून देत नाही.

बाहेर येणं: तुम्हाला आज खरी गरज याचीच आहे. अपिलासोबत शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज, जुनं ३८९, नवं ४३०. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असती आणि आरोपी जामिनावर असता तर शिक्षा देणाऱ्या कोर्टानेच अपिलापुरतं बाहेर ठेवलं असतं. सात वर्षांना ती सोय नाही, म्हणून जागेवरच आत घेतलं. हायकोर्टात फौजदारी अपिलं वर्षानुवर्षं पडून असतात. स्थगिती नाही मिळाली तर अपील बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) यायच्या आत सात वर्षं भरून जातील. सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात हेच सांगितलंय. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीकडे उदारपणे बघा, नाहीतर अपिलाच्या हक्कालाच अर्थ उरत नाही. आणि तीही केस ३९२ सह ३९७ चीच होती, शिक्षा दहा वर्षं.

आता तुमच्या पोस्टमधली एक ओळ. 'कोयता दुसऱ्याच्या हातात होता असं ट्रकवाला स्वतःच म्हणतो.' हे जबाबात तसंच आलंय का? आलं असेल तर ३९७ तुमच्या भावाला लागूच होत नाही. ते कलम ज्याने हत्यार वापरलं त्याच्यापुरतं आहे. ३४ ची दोरी लावून बाकीच्यांना त्यात ओढता येत नाही. फूल कुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन, १९७५. अगदी अलीकडे राम रतन विरुद्ध मध्य प्रदेश, २०२१. त्याच फूल कुमारमध्ये हेही आहे की हत्यार नुसतं दाखवलं तरी ते 'वापरलं'च. म्हणजे कोयतेवाल्याची सुटका नाही. पण मोटरसायकलवाल्याची या कलमातून व्हायलाच हवी.

सात वर्षं ही किमान शिक्षा ३९७ मुळे आहे. ते गळलं की उरतं ३९२ सह ३४. त्याला किमान नाही. कमाल मात्र मोठी आहे: दहा वर्षं, आणि हायवेवर सूर्यास्तानंतर असेल तर चौदा. घाबरू नका, आरोपीने केलेल्या अपिलात शिक्षा वाढवत नाहीत. त्यासाठी सरकारला स्वतंत्र अपील करावं लागतं.

हे झालं दुसरं पाऊल. पहिलं पाऊल म्हणजे मुळात तो तिथे होता हे सिद्ध झालंय का. त्यासाठी फिर्यादीची उलटतपासणी पाहिजे. निकालपत्रात काय लिहिलंय ते नको, मूळ जबाब.

हायवेवरचा:
सगळं ठीक आहे, पण कोणीतरी ट्रकवाल्याच्या बाजूनेही बोला की. माझ्या दोन गाड्या आहेत. २०१८ मध्ये मला स्वतःला लुटलंय, उमरग्याच्या अलीकडे. काच फोडून मानेला सुरा लावला होता. पैसे गेले त्याचं काही नाही, पण त्यानंतर वर्षभर रात्रीची गाडी काढायची हिंमत झाली नाही. आरोपी सापडले का? नाही. इथे एकाला तरी शिक्षा झाली तर लगेच त्याला सोडवायच्या युक्त्या सुरू. मोटरसायकल चालवणारा नसता तर कोयतेवाला पळाला कसा असता?

सीनाकाठ:
हायवेवरचा, तुमचा राग मला कळतो. माझे मिस्टरही रात्रपाळीला जातात, मीही जागी असते. पण तो होता की नव्हता तेच तर तपासायचंय. होता असं निघालं तर भोगेल.

डगला साहेब, नकलेचा अर्ज केलाय. अजून एक. त्या रात्री तो कारखान्यावर ऊस खाली करायच्या रांगेत होता असं तो म्हणतो. वजनकाट्याची पावती मामीने जपून ठेवलीये. ती आता कोर्टात देता येईल का?

काळा डगला:
हायवेवरचा, कोयतेवाला पळाला कसा, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ३९२ सह ३४ मध्ये आहे. मोटरसायकलवाला सुटतो असं मी म्हटलेलं नाही. किमान सात वर्षांचं कलम त्याला लागत नाही, एवढंच म्हटलंय.

पावतीबद्दल: अपिलात जादा पुरावा घ्यायचा अधिकार हायकोर्टाला आहे, जुनं ३९१. पण तो क्वचित वापरतात. पहिला प्रश्न येईल, खालच्या कोर्टात का नाही दिली? दुसरा, पावतीवर नाव कोणाचं? ट्रॅक्टरमालकाचं असणार. गाडी कारखान्यावर होती म्हणजे हा गाडीवर होता असं होत नाही. अर्धवट अलिबी (त्या वेळी दुसरीकडे होतो हा बचाव) लंगडी पडली की बाकीच्या चांगल्या मुद्द्यांकडेही कोर्ट संशयाने बघतं. मी असतो तर पावती फाइलमध्ये ठेवली असती आणि अपील खालच्या कागदांवरच लढवलं असतं.

एक_वाटसरू:
सावध करायला लिहितोय. माझ्या चुलत्यांच्या वेळी एक गृहस्थ घरी आले होते. 'हायकोर्टात आपली सेटिंग आहे, दीड लाखात बेल' म्हणाले. काकूंनी दागिने मोडून ८० हजार दिले. पुढे कळलं, त्याने वकीलपत्रसुद्धा दाखल केलेलं नव्हतं. अपिलाचा नंबर मागा. नंबर नाही तर अपील नाही.

नक्कलखाना:
बरोबर. दाखल झालं की आधी स्टॅम्प नंबर पडतो, मग रजिस्टर नंबर. शिवाय १६ अक्षरी सीएनआर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक. तो टाकला की फोनवर स्थिती दिसते. आणि वकीलपत्रावर सही तुरुंगात होते, जेलरच्या शिक्क्यानिशी. तुमचा भाऊ आत असताना 'सही घरीच करून टाकू' म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पैशाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मागा. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. हायकोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती असते. तेही नको असेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फत थेट अपील पाठवता येतं, एका कागदावर लिहून. ते अपील कमी दर्जाचं नसतं.

ज्वारीचं_कणीस:
फुकटचा वकील म्हणजे फुकटचंच काम, असा आमचा अनुभव.

काळा डगला:
सरसकट असं नाही. मी विधी सेवेच्या पॅनेलवर होतो, चांगलं काम करणारे पाहिलेत आणि नुसती तारीख घेणारेही. खासगी वकिलांतही दोन्ही प्रकार आहेत. समजा वकील उभाच राहिला नाही, तरी तेवढ्यावर फौजदारी अपील काढून टाकता येत नाही. गुणदोषावरच निकाल द्यावा लागतो, हे बनी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश, १९९६ पासून ठरलेलं आहे.

वकील तोच की दुसरा: खालच्या वकिलाने उलटतपासणी कशी घेतलीये ते बघून ठरवा. चांगली घेतली असेल तर त्याला धन्यवाद द्या, कारण अपील त्याच पानांवर उभं राहतं. युक्तिवाद दुसऱ्याने केला तरी चालेल.

सीनाकाठ:
नकला मिळाल्या. रात्री जेवणं उरकल्यावर मी आणि मामी वाचत बसलो. फिर्यादीच्या उलटतपासणीतलं जसंच्या तसं उतरवतेय (नावं काढून):

'हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या वेळी तिन्ही इसमांच्या तोंडाला मास्क होते. मोटरसायकलवरील इसमाचा मास्क खाली घसरला होता ही बाब मी फिर्याद देताना पोलिसांना सांगितली होती. सदरची बाब फिर्यादीत का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही. हे म्हणणे खरे आहे की, घटनास्थळी रस्त्यावर दिवे नव्हते. साक्षीदार स्वतःहून सांगतो की, ट्रकच्या हेडलाइटचा उजेड होता. हे म्हणणे खरे आहे की, मोटरसायकल ट्रकच्या मागील बाजूस उभी होती.'

आणि दोन परिच्छेद सोडून:

'हे म्हणणे खरे आहे की, फेब्रुवारी महिन्यात मला मोबाइल ओळखण्यासाठी पोलीस ठाण्यात बोलावले होते. त्यावेळी तीन मुले बाकावर बसलेली होती. हे म्हणणे खरे आहे की, आरोपी हेच असल्याचे मला पोलिसांनी सांगितले. हे म्हणणे खोटे आहे की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून आरोपींना ओळखत आहे.'

ओळख परेड मार्चमध्ये झालीये. हे बरोबर वाचतेय ना मी?

काळा डगला:
बरोबर वाचताय. आणि खालच्या वकिलाला माझा नमस्कार सांगा.

हेडलाइट पुढे, मोटरसायकल मागे. मास्क घसरल्याचं फिर्यादीत नाही. हे दोन्ही चांगले मुद्दे आहेत, पण खरा घाव त्या बाकाचा आहे. परेडच्या आधी साक्षीदाराने आरोपी पोलीस ठाण्यात पाहिले, वर 'हेच ते' असं सांगितलंही गेलं. मग परेडला किंमत काय राहिली? निकालपत्रात न्यायाधीशांनी या कबुलीबद्दल काय म्हटलंय?

सीनाकाठ:
दोनदा वाचलं. त्यात एवढंच आहे: 'फिर्यादीने ओळख परेडमध्ये व न्यायालयात आरोपींना ओळखले आहे. त्याची साक्ष उलटतपासणीत अबाधित राहिली आहे.' बाकाचा उल्लेखच नाही.

काळा डगला:
मग हाच अपिलाचा पहिला मुद्दा. साक्षीतली मुद्द्याची कबुली विचारातच घेतली नाही.

निंबोणी:
बाळबोध प्रश्न. कोर्टात उभं राहून 'हाच तो' म्हटलं ना? मग परेड रद्द झाली तरी काय फरक पडतो?

काळा डगला:
बाळबोध नाही, सरकारी वकील हेच म्हणतील. पुरावा म्हणून मोजतात ती कोर्टातली ओळख, परेड फक्त तिला आधार. ओळखीचा माणूस असेल तर परेड नसली तरी चालतं. पण इथे अंधारात काही मिनिटं दिसलेला अनोळखी, मास्कवाला माणूस. त्याला तीन वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यावर ओळखलं. पिंजऱ्यात तिघंच असतात, चौथा कुठून आणणार? अशा वेळी परेडचा आधार निसटला की कोर्टातली ओळख एकटी पडते.

नक्कलखाना:
परेडचा पंचनामा नीट बघा. आपल्या हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये परेड कशी घ्यायची ते दिलंय. एक आरोपी असेल तर किमान सहा डमी (आरोपीसोबत उभे केलेले इतर लोक), दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये शक्यतो दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. तिघांना एकत्र उभं केलं होतं का? डमी दिसायला साधारण सारखे पाहिजेत. आरोपीच्या तोंडावर व्रण असेल तर तो झाकायला पाहिजे किंवा इतरांनाही तिथे पट्टी लावायला पाहिजे.

माझ्या नोकरीत अशा परेडचे कागद खूप पाहिले. नायब तहसीलदार येतात, तुरुंगातलेच कच्चे कैदी डमी म्हणून उभे करतात आणि छापील नमुन्यात नावं भरतात. कधी कधी वयाचा रकाना रिकामाच असतो.

सीनाकाठ:
अहो, त्याच्या डाव्या गालावर लहानपणी स्टोव्हच्या भडक्याने भाजल्याचा डाग आहे. लांबूनही दिसतो. फिर्यादीत डागाचं नाव नाही. पंचनाम्यात आठ डमींची नावं आहेत, वय नाही, पट्टीचं काहीच नाही. तिघांना एकत्रच उभं केलंय. नायब तहसीलदारांना विचारलंय, त्यांनी सांगितलं, 'डमींपैकी कोणाच्या चेहऱ्यावर डाग होता किंवा कसे हे मला आठवत नाही.'

निंबोणी:
मास्क घसरलेला चेहरा पाहिला आणि डाग नाही दिसला?

काळा डगला:
हे वाक्य मी कोर्टात वापरणार. फी मागू नका.

आता जप्ती. मोबाइल कोणाकडून निघाला?

सीनाकाठ:
याच्याकडूनच दाखवलाय, हीच मला भीती आहे. अटकेनंतर याने 'काढून देतो' म्हणून निवेदन दिलं आणि कडब्याच्या गंजीतून काढून दिला असा पंचनामा आहे. एक पंच फितूर झाला. दुसरा 'पंचनाम्यावर सही माझी आहे' एवढंच म्हणतो. फिर्यादीने मोबाइलचं बिल दिलेलं नाही.

काळा डगला:
हा सरकार पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा, त्यामुळे याकडे डोळेझाक करून चालणार नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब चालत नाही, पण त्यातून एखादी वस्तू निघाली तर तेवढा भाग पुराव्यात येतो, जुन्या पुरावा कायद्याचं २७. चोरीनंतर लगेच चोरीचा माल कोणाकडे सापडला तर तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा असं कोर्ट धरू शकतं. इथे तीन गोष्टी बघायच्या. लगेच म्हणजे किती दिवसांनी? गंजी कोणाची, उघड्यावर आहे का, जिथे कोणीही हात घालू शकतो? आणि तो मोबाइल फिर्यादीचाच हे कशावरून? बिल नाही तर आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) कंपनीकडून पडताळला का? पंच फितूर झाले म्हणून जप्ती आपोआप पडत नाही, तपासी अंमलदाराच्या साक्षीवरही ती टिकते. हायकोर्टात यावरच घासाघीस होईल.

अजून एक. ३१३ चा जबाब काढा. त्यात मोबाइलच्या जप्तीबद्दल त्याला प्रश्न विचारलाय का? आरोपीविरुद्ध वापरायची प्रत्येक बाब त्याच्यापुढे ठेवून खुलासा मागावा लागतो. ठेवली नसेल तर ती विचारात घ्यायची नाही. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४, हा आपल्याकडचाच निकाल. मात्र हल्ली कोर्टं विचारतात की त्यामुळे आरोपीचं नुकसान काय झालं, त्याचीही तयारी ठेवा.

सीनाकाठ:
प्रश्न विचारलाय. 'खोटे आहे' एवढंच उत्तर दिलंय त्याने. सगळ्या प्रश्नांना तेच उत्तर.

काळा डगला:
सगळेच तसं देतात. मग तो मुद्दा सोडा. वाईटात वाईट म्हणजे ओळख पडली आणि मोबाइल टिकला, तर ३९२ जाऊन ४११ वर, चोरीचा माल बाळगण्यावर, येऊ शकतं. त्याला कमाल तीन वर्षं, आणि आधी काढलेले पाच महिने त्यातून वजा होतात.

पालावरची:
ओळख परेडवरून आठवलं म्हणून लिहिते. २००३ मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला, खून-बलात्कार झाले. भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. जिवंत राहिलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच लोकांचे फोटो ओळखले होते. त्यांच्यावर काहीच कारवाई नाही आणि तो कागद दाबून ठेवलेला. सोळा वर्षं आत काढलेल्यांना पाच-पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावर मुक्त झालो, पण सोलापुरात त्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच (अशा जमातींना कोंडून ठेवायची वसाहत) म्हणतात. चोरी झाली की जीप आधी कुठे येते ते आम्हाला विचारा.

हायवेवरचा:
नाशिकच्या केसचं माहीत नव्हतं. वाचून अंगावर काटा आला. पण मग ते कुटुंब कोणी मारलं, हा प्रश्न तसाच राहिला ना? आणि इथे हा सुटला तर त्या ड्रायव्हरला न्याय कोण देणार? पोलिसांनी बाकावर बसवून घोळ घातला त्याची शिक्षा ड्रायव्हरला का?

पालावरची:
प्रश्न बरोबर आहे. पण तो ज्यांनी बाकावर बसवलं त्यांना विचारा, या ताईला नको.

नक्कलखाना:
दोघंही शांत व्हा. ड्रायव्हरला अपिलात वकील लावून म्हणणं मांडता येतं, सरकारी वकिलांच्या मदतीला. कोणी सांगत नाही म्हणून कोणी येत नाही.

ज्वारीचं_कणीस:
ताई, भावाची काळजी घ्या हेही सांगतो. आमचा एक येरवड्यात होता. सुरुवातीचे दिवस सगळ्यात वाईट. मनीऑर्डर करा, कँटीनला लागते. भेटीला जाताना आधार कार्ड विसरू नका, आणि भेटीत केसचं कमी बोला, घरचं जास्त.

सीनाकाठ:
मध्ये बरेच दिवस आले नाही. माफ करा. अपील दाखल झालंय, नंबर पडलाय, मी स्वतः फोनवर बघितला. वकील कोल्हापूरच्या एक मॅडम आहेत, खालच्या वकिलांनीच नाव सुचवलं. पहिल्या तारखेला सरकारी वकिलांनी म्हणणं द्यायला वेळ घेतला. काल अर्ज चालला.

मी मागच्या बाकावर होते. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. मॅडमनी आधी कोयता कोणाकडे होता ते पान उघडलं, मग बाकाचं पान. सरकारी वकील मोबाइलवर बोलले, डगला साहेब म्हणाले होते तसंच. जजसाहेबांनी विचारलं, 'जामिनावर असताना काही तक्रार?' मॅडम नाही म्हणाल्या. अपील दाखल करून घेतलं, त्याच्यापुरती शिक्षेला स्थगिती, २५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढाच एक जामीनदार. दंड भरायचा, आणि दर तीन महिन्यांनी पोलीस ठाण्यात हजेरी. कोयतेवाल्याचा अर्ज अजून आलेला नाही.

आता जामीनदार कोण राहणार यावर घरात वाद चाललाय. मामीच्या नावावर जमीन नाही, चुलत्यांनी हात वर केले.

काळा डगला:
अभिनंदन, पण अपील अजून बाकी आहे, मामींना तसं समजावून सांगा. जामीनदार नात्यातलाच हवा असं नाही. सातबारा आणि ओळखपत्र लागेल, कुठे कुठे तहसीलचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखलाही मागतात. लगेच होत नसेल तर मॅडमना सांगा, तात्पुरत्या रोख जामिनाची परवानगी मागतात आणि जामीनदार द्यायला काही आठवड्यांची मुदत मिळते. आदेशातच ते लिहिलंय का आधी बघा.

सीनाकाठ:
लिहिलंय! चार आठवडे. रोख भरू मग.

हायवेवरचा:
ताई, माझ्या नावावर सव्वादोन एकर आहे, बोजा नाही. पण मी राहणार नाही, खरं सांगतो. तुमच्या मामींना मात्र नमस्कार सांगा.

सीनाकाठ:
सांगते. डगला साहेब, एकच राहिलं. हंगामात तो ट्रॅक्टर घेऊन कर्नाटकात जातो, बेळगावकडे. जाता येईल ना?

काळा डगला:
आदेशात 'राज्याबाहेर जायचं नाही' अशी अट आहे का बघा. असेल तर आधी परवानगीचा अर्ज, मग ट्रॅक्टर. नसेल तर पत्ता आणि फोन पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. हजेरीची तारीख हंगामात कधी येते ते आत्ताच कॅलेंडरवर मांडून ठेवा. हजेरी चुकली की सरकारी वकील जामीन रद्द करायचा अर्ज घेऊन उभे राहतील.